लीड कुठून आली

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

रेश्माचं म्हणणं असं, की मी कुठलीही वस्तू घेताना वस्तूकडं बघतच नाही, विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो. कूलर तसा घेतला, स्कूटर तशी घेतली, आणि (हे तिनं माझ्या तोंडावर सांगितलं) बायकोसुद्धा मध्यस्थाच्या तोंडाकडं बघूनच केली. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिला प्रत्येक गोष्टीची प्रयोगवही लागते. म्हणून ही वही. तीन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरायला मिळाली आहेत. कुणी काय दिलं ते लिहायचं आणि अठ्ठावीस तारखेला वही वाचून एक घ्यायचं.

मला खरं तर सॉफ्टवेअरची गरजच नव्हती. एकोणीस वर्षं झाली सात रस्त्याला 'कुंडलिक इस्टेट' उघडून. उजनीच्या काठचा केळीवाला माणूस मी, पण सोलापुरात कुणाचं घर विकायला निघणार हे मला मालकाच्या आधी कळतं. लोक म्हणतात, कुंडलिकला नाक आहे. पण समोरच काचेचं ऑफिस झालंय आता, पुण्याच्या कंपनीचं. जानेवारीत तीन गिऱ्हाइकं माझा चहा पिऊन तिकडं गेली. चहा पिऊन! नाक असलं तरी कान उपटून घेतल्यासारखं झालं.

आज पहिल्या सॉफ्टवेअरचा डेमो झाला. 'घरझेप' नाव. विकणारा उदयसिंह (तिन्ही सॉफ्टवेअर त्याच्याचकडची) पुण्याहून स्क्रीनवर बोलत होता. मी जुळे सोलापूरच्या एका फ्लॅटचे सहा फोटो टाकले, एक बटण दाबलं, आणि आयला, अकरा वेबसाइटवर एका दमात फ्लॅट हजर! मी प्रत्येक साइट उघडून बघितली. सगळीकडं तोच फ्लॅट आणि तोच माझा फोटो. पूर्वी एका जाहिरातीसाठी पेपरच्या ऑफिसात दोन तास बसावं लागायचं. मी उदयसिंहला म्हटलं, "साहेब, तुम्ही माणूस आहात का कोण?" तो हसला. चेहरा चांगला आहे त्याचा.

रेश्मा म्हणाली, "चेहऱ्याचं लिहू नका."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुसरं सॉफ्टवेअर, 'लीडगंगा'. लीड म्हणजे गिऱ्हाईक, पण अजून गिऱ्हाईक न झालेलं. नुसतं 'बघतोय' म्हणणारं. ते आपणहून शोधून आणायचं, त्याच्याशी बोलायचं, हे सगळं हे सॉफ्टवेअर करतं.

सकाळी मी आंघोळीत होतो. बाहेर येऊन बघतो तर फोनवर एका माणसाशी चौदा मेसेज बोलून झालेले, माझ्या नावानं, मराठीत. "आपल्या कुटुंबात किती जण आहेत? आईवडील सोबत राहतात का? मग तळमजला सोयीचा पडेल." रविवारी अकराची वेळसुद्धा ठरवून टाकली. मी टॉवेलवरच उभा. इतकं गोड मी लग्नाआधीसुद्धा बोललो नव्हतो. रेश्माला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे."

साडेनऊला बिस्मिल्लाचाची आली. ती शुक्रवार पेठेत भाकऱ्या करून विकते. पहाटे चारला थापायला बसते, सातला टोपली घेऊन निघते, चाळीस घरं फिरून झाली की माझ्या ऑफिसात पाच मिनिटं टेकते, चहा पिते आणि माझ्या डब्यासाठी दोन भाकऱ्या ठेवून जाते. बोलतच असते. चिप्पांकडं आता चारच लागतात, आधी नऊ लागायच्या, असलं काहीबाही. मी मान हलवतो. आज तर मी लीडगंगेतच बुडालो होतो.

जाताना म्हणाली, "भाऊ, माझ्या खोलीचं बघताय ना? अठ्ठावीसला खाली करायची हाय."

"बघू की, चाची."

तिची खोली म्हणजे घरमालक अण्णारावच्या घरामागच्या चार खोल्यांपैकी शेवटची. डिसेंबरमध्ये ती सगळी जागा मीच विकून दिली. बाकी तिघं भाडेकरू गेले. हिलाही फेब्रुवारीअखेर निघायचं आहे. दोन मार्चला रोजे सुरू होतात, त्याआधी नवीन ठिकाणी चूल मांडायची म्हणते. होटगीला भाची आहे तिची, झीनत. पण तिथून पहाटे टोपली घेऊन पेठेत कोण येणार? तिकडं गेली की चाळीस घरं सुटली. बघितलं पाहिजे एकदा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तिसरं सॉफ्टवेअर, 'प्लॉटनेत्र'. उघडलं की अख्खं सोलापूर वरून दिसतं, घारीला दिसावं तसं. प्रत्येक घरावर एक ठिपका. ठिपका लाल असेल तर सहा महिन्यांत ते घर विकायला निघण्याची शक्यता जास्त, हिरवा असेल तर कमी. प्रत्येक ठिपक्यावर टक्के. इतक्या घरांच्या मनातलं या यंत्राला कळतं! मी पेठेवरून बोट फिरवत राहिलो. शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवलं. त्यानं स्वतःचं घर शोधलं, ते निघालं लाल. तो चिडून निघून गेला.

सहज चिप्पांचं घर बघितलं. हिरवंगार, अकरा टक्के.

रेश्माला सांगितलं, हेच घ्यायचं. ती म्हणाली, "आज सात तारीख आहे."

बुधवार, १२ फेब्रुवारी

कुंडलिकचं नाक जिंदाबाद!

सकाळी चिप्पा स्वतः ऑफिसात आले. दोन्ही मुलं सुनांना घेऊन हैदराबादला गेली, घर खायला उठतं, विकायचं आहे. यंत्र म्हणतं अकरा टक्के, आणि मला कालपासून का कोण जाणे सारखं त्यांच्या घराकडं फिरकावंसं वाटत होतं. उदयसिंहला फोन करून सांगितलं, तुमच्या नेत्राला चष्मा लावा. तो म्हणाला, "सर, तुम्हाला हे कसं कळलं?" मी म्हटलं, "अनुभव."

चाची आली तेव्हा तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का? बरं झालं." आणि चहा पिऊन गेली. खोलीचं तिनं विचारलं नाही, म्हणजे सोय झाली असणार.

रविवार, १६ फेब्रुवारी

हे कसं लिहावं कळत नाही.

प्लॉटनेत्रला आपले जुने व्यवहार शिकवावे लागतात, म्हणजे ते हुशार होतं. गेल्या तीन वर्षांत मी त्रेचाळीस घरं विकून दिली. रेश्मा लॅपटॉपवर भरत होती, मी नावं सांगत होतो. प्रत्येक नावापुढं एक प्रश्न येतो, 'लीड कुठून आली?' खाली यादी असते: वेबसाइट, पाटी, जाहिरात, जुनं गिऱ्हाईक, इतर. मी म्हटलं, लिही 'नाक'.

"यादीत नाक नाही," रेश्मा म्हणाली. "तुमच्या जुन्या डायऱ्या काढा."

ऑफिसच्या डायरीत मी दिवसभर काहीही खरडत असतो, फोनवर बोलताना, चहा पिताना. रेश्मा एकेका व्यवहाराची तारीख बघायची आणि डायरीत मागं मागं जायची. अर्ध्या तासानं तिनं एका पानावर बोट ठेवलं. मग तिनं वाचायला सुरुवात केली.

"मार्च, चौदा तारीख. 'चाची म्हणाली, वैद्यांकडं दोनच लागल्या.' एप्रिल, दोन तारीख. 'वैद्य आले, घर विकायचं म्हणतात.' जुलै. 'हंचाटे पन्नास कडक भाकरी बांधून मागतात, पोरगं परदेशी निघालं.' ऑगस्ट. 'हंचाटेंना मोठं घर नको, फ्लॅट बघा.' पुढचं वाचू का?"

"वाच."

त्रेचाळीसपैकी एकोणतीस. एकोणतीस घरांच्या आधी माझ्याच हस्ताक्षरात चाची म्हणाली, चाची म्हणाली. मी ऐकत नव्हतो, पण हात लिहीत होता. मग तीन आठवड्यांनी तेच मला माझ्या डोक्यातून आल्यासारखं वाटायचं आणि मी गावभर नाक मिरवायचो!

आधी मला रेश्माचाच राग आला. मग डायरीचा.  आपल्या ऑफिसात रोज पाच मिनिटं असं कुणी येऊन बसत होतं आणि मी त्या वेळी स्क्रीनकडं बघत होतो!

शेवटची नोंद रेश्मानं वाचली नाही, डायरी माझ्यापुढं सरकवली. नोव्हेंबर. 'चाची म्हणाली, अण्णाराव एकच भाकरी घेतो, तीही उरते. लेकीकडं जाईल आता, जागा काढेल.'

स्वतःची खोली जाणार हेसुद्धा तिनंच मला आधी सांगितलं होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चाची आली. मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. म्हटलं, "चाची, तुमची खोली त्या जागेत होती. मग अण्णारावचं मला का सांगितलंत?"

"त्याला एकट्याला जेवण जात नव्हतं, भाऊ. लेकीकडं जायलाच पायजे होता तो." हे ती असं म्हणाली, जसं मी विचारलं होतं चहात साखर का घालतात.

"आणि बाकीच्यांचं? इतकी वर्षं?"

"रिकाम्या घराला भाकरी लागत न्हाय. एक गेला की तुम्ही दुसरा आणून बसवता. माझी भाकरी चालू राहते की."

मी म्हटलं, आजपासून माझ्या दलालीत तुमचा वाटा. ती एकदम सावरून बसली. "नक्को बाबा! मग मी दलाल झाले. मग माझ्याशी कोण बोलंल? दार उघडून टोपलीत हात घालतात, ते घेतील का?"

"मग खोली? सोय झाली ना?"

"कुटं? तुम्ही बघू म्हणालात, म्हणून विचारलं न्हाय परत."

अकरा दिवस उरलेत. माझी मान वर होईना. म्हटलं, उद्या मी तुमच्याबरोबर फिरायला येतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सातला शुक्रवार पेठेत पोचलो. पावणेनऊपर्यंत चाळीस घरं.

मी एकोणीस वर्षं घरं बघतोय. लांबी, रुंदी, पूर्वेचं दार, पाण्याची टाकी. मला आज कळलं, की मी भिंती बघत होतो.

ती दारात जाते, हाक मारते, बाई बाहेर येते, भाकऱ्या मोजून घेते. एका घरी अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात ती काय काय बघते, या अल्ला, असं तिच्यासारखंच म्हणावंसं वाटलं मला. एका घरी बाईनं तिसरी भाकरी उचलून परत ठेवली. चाची गल्लीच्या वळणावर म्हणाली, "सासरा दवाखान्यात नेला वाटतं." दुसऱ्या घरी दोन जास्तीच्या घेतल्या. "लेक बाळंतपणाला आली. आता वरची खोली लागंल त्यांना, भाडेकरू उठवतील." एका दारात पुरुषानं भाकऱ्या घेतल्या, ती मान खाली घालून पुढं चालली. खूप वेळानं म्हणाली, "बाई माहेरी गेली. ते न्हाय सांगायचं कुणाला. तुम्हीबी लिहू नका." म्हणून कुणाचं घर ते लिहीत नाही.

म्हणजे सगळं सांगतसुद्धा नव्हती ती मला! काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, तेही चालता चालता ठरवायची.

शेवटचं घर महादेवीअक्कांचं. सत्तरी पार केलेल्या, एकट्या. मुलगा बंगळूरला. अक्कांच्या घरात कडक सोवळं. चाचीची मऊ भाकरी त्यांना चालत नाही, पण कडक भाकरी कोरडी, कोरड्याला काही होत नाही असं त्यांच्या सासूनं घालून दिलेलं. चाची पायरीवर फडक्यात दोन भाकऱ्या ठेवते आणि मागं सरकते. मग अक्का उंबऱ्याच्या आतून हात लांब करून उचलतात. बावीस वर्षं असंच. चाचीचं पाऊल उंबऱ्याच्या आत कधी पडलेलं नाही.

पण बोलत मात्र दोघी दहा मिनिटं होत्या. अर्धं कानडी, अर्धं मराठी. बाकी कुठल्याच दारात इतका वेळ नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तिन्ही सॉफ्टवेअर कामाला लावली. शुक्रवार पेठेच्या आसपास, एक खोली, तळमजला. एकशे सत्तावीस जागा निघाल्या! मी खूश. पोरीबाळीचं लग्न जमवावं तसा सकाळपासून फोनला बसलो.

एकटी बाई आहे म्हटल्यावर ऐंशी राहिल्या. पहाटे चारपासून थापते म्हटल्यावर वीस. चूल पेटवते म्हटल्यावर सहा. नाव सांगितल्यावर त्यातले पाच म्हणाले, "घरात विचारून सांगतो." सहावा म्हणाला, "भाऊ, तुम्ही चांगले माणूस, कशाला विचारता?" लीडगंगेनंही तिच्या नावानं मेसेज धाडले होते. गोड बोललं बिचारं. त्यालाही कुणी हो म्हटलं नाही.

चाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं की. मी तसल्या जागेसाठी थांबलेच न्हाय. मी महादेवीअक्कासाठी थांबलेय."

मला वाटलं ऐकण्यात चुकलं.

"भाऊ, कडक भाकरी पंधरा दिवस टिकते. आठवड्याला एकदा घेतली तर चालते. अक्का रोज दोन का घेते? सांगा की."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्यातली एक गाईला घालते. दुसरी अर्धी खाते. संक्रांतीपासनं तर तीबी न्हाय." ती चहाच्या कपाकडं बघत होती. "तिच्या मागच्या अंगाला खोली हाय, वेगळं दार हाय. तिला माणूस पायजे. पण ती म्हणंल तेव्हा."

"मग विचारा की! आठ दिवस राहिलेत!"

"न्हाय. मागितलं तर भाडेकरू, बोलावलं तर माणूस. तुम्ही तोंड उघडू नका, भाऊ. शप्पथ हाय."

शनिवार, २२ फेब्रुवारी

माती खाल्ली मी.

 सहा दिवस उरले आणि ही बाई थांबलेय म्हणते! धंद्याची सवय वाईट. दोन माणसं एका दारापाशी उभी दिसली की माझी जीभ वळवळते. संध्याकाळी गेलो महादेवीअक्कांकडं. नमस्कार केला, पाणी घेतलं, आणि सुरू केलं. मागची खोली पडूनच आहे, भाड्यानं द्या, भरवशाची बाई आहे, अकरा महिन्यांचा करार करू, पोलिसांकडचं सगळं मी बघतो. पिशवीतून कोरा करारनामासुद्धा काढला. काढला की मी!

अक्का ऐकत होत्या. मग विचारलं, "तिनं पाठवलं तुला?"

"न्हाय अक्का, मीच..."

"माझं घर काय धर्मशाळा हाय व्हय? मी भाडं मागत बसलेय का दारात? ऊठ."

दार लागलं. रेश्माला सांगितलं तर तिनं हातातला घास खाली ठेवला.  तिनं काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी पेठेत जाऊन चाचीला गाठलं आणि सांगून टाकलं. वाटलं टोपली डोक्यात घालेल. तिनं टोपली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आतला माणूस कडी काढतच होता, भाऊ. तुम्ही दार वाजवलं."

महादेवीअक्कांचं दार उघडलं नाही. चाचीनं नेहमीसारखी हाक मारली, "अक्का, भाकरी!" आतून भांड्याचा आवाज आला, तोही थांबला. तिनं दोन भाकऱ्या फडक्यात बांधून पायरीवर ठेवल्या. दुपारी मी मुद्दाम तिकडून गेलो. फडकं तसंच होतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. अक्कांचा उपास, आज भाकरी नाहीच. सोमवारची, मंगळवारची दोन्ही फडकी तशीच परत आली. भाकऱ्या चाचीनं गाईला घातल्या. ती खोलीत सामान बांधते आहे. होटगीला झीनतला निरोप दिला.

मी म्हटलं, माझ्या ऑफिसच्या मागं राहा. ती हसली. "सात रस्त्याला चूल पेटवू? बंब येईल."  चार दिवस झाले मी जेवताना भाकरी मोडतो आणि ही कुणी थापली हे आठवतं, मग तुकडा ताटातच ठेवतो. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस, लोकांना घरं देतो म्हणून फिरतो, आणि जिनं मला एकोणतीस घरं दिली तिचं एक दार मी बंद केलं!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चाचीनं आजही अक्कांच्या पायरीवर फडकं ठेवलं. दुपारी बघितलं तर पायरी रिकामी. कुत्र्यानं नेलं असणार, पेठेत कुत्री फार झालीत.

उदयसिंहचा फोन आला, ट्रायल उद्या संपते. मी रेश्माला वही वाचायला दिली. तिनं बराच वेळ वाचली आणि म्हणाली, "घरझेप घ्या. फोटो दाखवायला तेवढं पुरे." मीही तेच म्हणणार होतो. प्लॉटनेत्रचा मोह अजून सुटत नाही, वरून सोलापूर काय सुंदर दिसतं! पण ते छप्पर बघतं. उदयसिंहला विचारलं, घरझेपमध्येही 'लीड कुठून आली' ही यादी आहे ना, तिच्यात आपलं एखादं नाव घालता येतं का. म्हणाला, येतं सर, कुठलं घालू? मी सांगितलं, 'चाची'. त्यानं दोनदा विचारलं, कंपनीचं नाव आहे का.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी आठला टेम्पोवाल्या गुफरानचा छोटा टेम्पो चाचीच्या खोलीपाशी लावला. दोन ट्रंका, पिठाचे डबे, काठवट, तवे. मातीची चूल तिनं तिथंच ठेवली. चाची म्हणाली, निघण्याआधी प्रत्येक दारी सांगून यायचं, गिऱ्हाइकाला न सांगता भाकरी बंद करायची नसते. ती पुढं, मागून टेम्पो, टेम्पोच्या मागं मी. एकोणचाळीस दारं. कुणी म्हणालं थांब की, कुणी साडी आणून दिली, कुणी नुसतीच उभी राहिली. थांब म्हणणाऱ्यांपैकी जागा कुणी दिली नाही. मीही त्यांच्यातलाच, कुणाला काय बोलणार?

शेवटी महादेवीअक्का. दार बंद. चाची पायरीपासून हातभर लांब उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, उद्यापासनं मी यायची न्हाय. होटगीला चालले."

 गुफराननं टेम्पोचं इंजिन बंद केलं. मी मनात म्हटलं, उघड, आई, उघड, माझ्या तोंडात मार पण उघड.

कडी वाजली. अक्का उंबऱ्यात आल्या. हातात कालचं फडकं होतं, धुऊन घडी घातलेलं. माझ्याकडं नजर गेली. "हा परत आला व्हय?" मी टेम्पोच्या आड सरकलो.

मग चाचीकडं बघून म्हणाल्या, "व्हय. उद्यापासनं आणू नको."

चाचीनं मान हलवली आणि वळली.

"कुटं चाललीस? आणू नको म्हटलं. हितंच थाप." अक्कांचा आवाज चिडल्यासारखा होता, पण हातानं दाराची चौकट घट्ट धरली होती. "मागच्या अंगाला सासूबाईची चूल हाय. लई वर्षं पेटली न्हाय. माझा गॅस माझा, चूल तुझी. चारला उठणार तू? मी तीनलाच जागी असते."

 बावीस वर्षं चाळीस घरांचं न बोललेलं ओळखणारी बाई, तिला स्वतःला सांगितलेलं कळेना!

"मागच्या दारानं जाते, अक्का," ती कशीबशी म्हणाली.

"मागच्या दाराची किल्ली कुटं हाय कुणाला ठाऊक! ह्या दारानं ये." आणि मग कानडीत, हळू, "ओळग बा." म्हणजे आत ये. एवढं कानडी मला येतं.

चाचीनं चपला काढल्या. पाऊल उचललं आणि ते उंबऱ्यावर तसंच राहिलं. अक्कांनी तिचा हात धरला. बावीस वर्षं फडक्यावरून भाकरी उचलणारा तो हात, त्यानं तिचं मनगट धरलं आणि आत घेतलं.

मी रस्त्यात उभा राहून रडलो, उघड उघड. गुफरान दुसरीकडं बघत होता. इतक्या वर्षांत शेकडो किल्ल्या फिरवल्या, दारं उघडून दाखवली, त्यातलं एकही असं उघडलं नव्हतं.

आतून अक्कांचा आवाज आला, "ए कागदवाल्या! उभा काय ऱ्हायलास? ट्रंक आण."

मी ट्रंक उचलली.